पाण्यानं खाल्लेली गाडीवाट: चाळकेवाडीच्या पठारावरून पाटणच्या खोऱ्यात, तीन दिवस

आदली संध्याकाळ, सातारा

सातारा ते पाटण हे अंतर महामार्गानं उंब्रज गाठून गेलं तर दोन तासांच्या आत कापलं जातं. ठोसेघर, चाळकेवाडी, वनकुसवड्याचं पठार आणि शेवटी जुन्या गाडीवाटेनं कोयनेच्या खोऱ्यात, असं जायचं तर तीन दिवस हाताशी ठेवावेत. पठारापर्यंतचा भाग बऱ्यापैकी हात बसलेल्या कुणालाही जमतो. शेवटचा साडेतीन किलोमीटरचा उतार मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून जातो. हे टिपण मुख्यतः त्या उतारासाठी आहे. वाटेचं तोंड नेमकं कुठे लागतं, ते इथे मुद्दाम दिलेलं नाही. वाडीतली माणसं चारा आणि सरपण त्याच वाटेनं आणतात. रविवारच्या वीस गाड्या तिथे उतरल्या तर दोन पावसाळ्यांत ती बैलाच्याही कामाची राहणार नाही.

काळ निवडला डिसेंबरचा पहिला पंधरवडा. जून ते सप्टेंबर पठारावर धुकं इतकं दाट असतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. ऑक्टोबरात माती वरून वाळलेली आणि आतून ओली असते; पापुद्रा फुटला की चाक खाली जातं. फेब्रुवारीनंतर गवत इतकं वाळतं की तापलेल्या सायलेन्सरखाली ते पेटू शकतं. डिसेंबरातही गाडी गवतावर उभी करायची नाही, उघडा मुरूम किंवा कातळ बघूनच थांबायचं. पठारावरचे बरेचसे वणवे माणसाच्या हातूनच लागतात.

गाड्या दोन: डिझेल थार आणि पाच दारांची जिमनी. एकट्या गाडीनं या वाटेला जाऊच नये. थारला ३०० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) आहे आणि तो खालच्या आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग अगदी कमी) पहिल्या गिअरला ती ॲक्सिलरेटरशिवाय चढते. जिमनीच्या पेट्रोल इंजिनाला १३४ च्या आसपास, तोही ४००० आरपीएमला. तिला थोडं फिरवावंच लागतं. मात्र जिमनीची रुंदी १६४५ मिलिमीटर आणि वजनही कमी, म्हणून अरुंद जागी ती सुखाची. खालचा मोकळावा, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातली उंची, थारचा २२६ मिलिमीटर, जिमनीचा २१०. कागदावर फरक सोळा मिलिमीटरचा आहे, पण जिमनीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) २५९० आणि थारचा २४५० असल्यामुळे उंचवट्यावर पोट टेकण्याचा प्रसंग जिमनीवर आधी येतो.

सामान: पहार, टिकाव, फावडं आणि दोन घमेली. ही चार हत्यारं विंचपेक्षा (गाडी ओढून काढणारं यंत्र) जास्त वेळा बाहेर निघतात. ताणली जाणारी कायनेटिक दोरी, पावणेपाच टनांचे दोन शॅकल (दोरी अडकवायच्या कड्या), जाड कामाचे हातमोजे, बाटली जॅक आणि त्याच्याखाली ठेवायला एक फूट चौरस जाड फळी. फळी नसेल तर जॅक मुरमात रुततो आणि गाडी जागेवरच राहते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, प्रेशर गेज, ट्यूबलेसचं पंक्चर किट, आणि स्टेपनी पूर्ण मापाची. किट टायरच्या तळव्यासाठी असतं. बगल फाटली तर स्टेपनीशिवाय इलाज नाही, आणि जांभा दगड नेमकी बगलच फाडतो. एक लिटर कूलंट, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, बांधणीची तार. माणशी रोजचं चार लिटर पाणी.

टाकी साताऱ्यातच भरायची. फोर लोमध्ये सरासरी किलोमीटरवर काढण्यात अर्थ नाही. इंजिन किती तास चाललं त्यावर डिझेल मोजावं.

पहिला दिवस: सातारा ते पठार

साताऱ्याच्या बोगद्यापाशी एक फाटा कासला जातो. तिकडे वळायचंच नाही. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथल्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) चाक घालणं हा गुन्हा आहेच, शिवाय न भरून येणारं नुकसानही. सज्जनगडाच्या रस्त्यानं परळी खोऱ्यातून वर चढलं की ठोसेघर, साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर. डांबर बरं आहे. पुढे चाळकेवाडीला पवनचक्क्या सुरू होतात.

डांबर संपलं की हवा काढायची. रस्त्यावर ३२ पीएसआय असते, ती इथे २२ वर आणली. वाळूत १५ पर्यंत उतरतात, इथे तसं करू नये. जांभ्याला धार असते, आणि हवा फार कमी असली की टायरची बगल फुगून बाहेर येते व दगडाला आयती सापडते. वीसच्या खाली गेलं तर तिरक्या जागेवर टायर रिमवरून सुटण्याची भीतीही वाढते. फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) इथेच लावलं. या गाड्यांना मधलं डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतं, पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगानं फिरतो. कोरड्या डांबरावर फोर हाय ठेवून वळण घेतलं की ताण ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि दांड्यांच्या क्रॉस जॉइंटवर येतो, स्टिअरिंग जड होतं आणि गाडी अडखळल्यासारखी चालते. सैल मुरमात चाक थोडं घसरतं आणि तो ताण मोकळा होतो.

पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रस्ते सगळीकडे पसरलेत. काहींवर फाटक असतं. तिथल्या रखवालदाराला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. जिथे रस्ता खराब झाला तिथे लोकांनी गाड्या बाजूला घातल्या, ती बाजू खराब झाली तेव्हा तिच्याही बाजूला, असे चार-पाच पदरी पट्टे पडलेत. सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो. पावसाळ्यात त्याच बोटभर मातीत कंदवर्गीय आणि कीटकभक्षी वनस्पती उगवतात. चाकानं तो थर एकदा खरवडला की पुढच्या पावसात खालचा कातळ उघडा पडतो. म्हणून खड्डा कितीही वाईट असला तरी मूळ चाकोरीतूनच जायचं, गरज पडली तर दगड टाकून. पठाराच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिकडे उतरणारी कुठलीही वाट, नकाशात दिसली तरी, गाडीसाठी नाही.

मुक्काम वाडीत, आधी विचारून. अंधार पडल्यावर पठारावर गाडी चालवली नाही. गवे रस्त्यावर येतात आणि धुकं डिसेंबरातही अचानक उतरतं.

दुसरा दिवस: चाकापेक्षा पाय जास्त

सकाळी वनकुसवड्याच्या बाजूला सरकलो. अंतर थोडं, वेग ताशी दहा-बारा. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुपारपासून मात्र गाड्या वर उभ्या करून सगळा उतार पायी पाहिला, साडेतीन किलोमीटर खाली आणि तितकाच वर. यासाठी अख्खी दुपार गेली, आणि जायलाच हवी. वरून बघून ठरवलेली ओळ आणि चालून ठरवलेली ओळ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्याआधी वाडीत विचारायचं, आणि प्रश्न नेमका हवा. ‘रस्ता आहे का’ या प्रश्नाला कुणीही ‘हाय की’ म्हणतो; त्यांच्या दृष्टीनं पायी जाता येतं म्हणजे रस्ता आहे. ‘मामा, औंदाच्या पावसानंतर ट्रॅक्टर खाली गेलाय का?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ‘दिवाळीपतुर जात हुता, आता मधला मोड खचलाय, गडी उतरून बगा’ एवढं ऐकलं तरी अर्धं काम झालं.

ही वाट खचते कशी, ते समजलं तर चालवणं सोपं होतं. वर जांभ्याची टोपी आहे, कडक पण सच्छिद्र. तिच्याखाली मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती. त्याखाली बेसॉल्ट, आपला काळा कातळ. गाडी एकाच चाकोरीतून जात राहिली की जांभ्याचा पापुद्रा फुटून खडी होते. पाऊस त्या चाकोरीला ओढा समजतो. पाणी आधी खडी वाहून नेतं, मग खालची मऊ माती पोखरतं. वरचा पापुद्रा कधीकधी तसाच राहतो, आतून पोकळ. सगळ्यात फसवी जागा हीच, कारण दिसायला ती सपाट आणि घट्ट असते.

ती ओळखायला पहार. दर पावलाला पहार हातभर उंचीवरून सोडायची. भरीव जांभ्यावर ती खणखणते आणि हाताला झिणझिण्या आणते. पोकळ जागी आवाज भद्द येतो, पहार उडत नाही, आणि टोकाभोवती लालसर भुकटी खाली झिरपताना दिसते. तशा जागेच्या कडेला गवताची जुडी खोवून ठेवायची, म्हणजे उद्या स्टिअरिंगवरून दिसते. साडेतीन किलोमीटरमध्ये अशा नऊ जुड्या लागल्या, त्यातल्या सहा वळणांच्या बाहेरच्या कडेला. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला आदळतं आणि दरीकडची कड आतून खातं. त्यामुळे आतल्या बाजूला, डोंगराला चिकटून, आरसा घासेल इतकं जवळून जायचं ठरलं.

पाण्याची वाट बघत चाललं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कुणीतरी पूर्वी वाटेवर तिरके मातीचे उंचवटे घातले होते, दर पंचवीस-तीस पावलांवर एक. पाणी चाकोरीत वेग घेण्याआधीच बाजूच्या झाडीत सोडून द्यायचं, हे त्यांचं काम. जिथे ते शाबूत आहेत तिथे वाट आजही चांगली आहे. जिथे गाड्यांनी त्यांच्या मधोमध खाच पाडली, तिथून खाली चर सुरू झाला. सगळा उतार पाहिला तर प्रत्येक मोठ्या चराच्या माथ्यावर असा एक फुटलेला उंचवटा सापडतो.

तिसरा दिवस: उतार

सकाळी नऊनंतर सुरुवात. आधी निघालं तर दवानं गवत आणि चिकणमाती निसरडी असते. गाडी थांबवून, न्यूट्रलला टाकून फोर लो लावलं. सीटबेल्ट लावायचा, काचा खाली, आतलं सुटं सामान बांधलेलं. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत. चाक दगडाला आदळून स्टिअरिंग फिरलं तर आरा अंगठ्यावर बसतो. वाट दाखवणारा माणूस एकच असावा. चार जण चार बाजूंनी हात करू लागले की चालक कुणाचंच ऐकत नाही. तो गाडीच्या पुढे आठ-दहा मीटरवर, चालकाला दिसेल असा, आणि गाडी घसरली तर सापडणार नाही अशा बाजूला उभा राहतो. दोन्ही तळहात समोर म्हणजे थांब. बाकी खुणा त्यानंतर.

पहिला घसारा दोनशे मीटरचा, सुट्या खडीचा. पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, ब्रेकला स्पर्श नाही. इंजिनच गाडी रोखून धरतं. ब्रेक दाबला की चाकं थांबतात, खडी मात्र चालत राहते, आणि गाडी खडीबरोबर जाते. मागचा भाग एका बाजूला सरकू लागला तर ॲक्सिलरेटरला किंचित दाब द्यायचा, चाकांना पुन्हा जमिनीइतका वेग मिळतो आणि गाडी सरळ होते. पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो अडवणं ही इथली खरी सवय. उतार-नियंत्रणाचं बटण असेल तर चालतं, पण लांब उतारावर ते ब्रेक तापवतं; मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पहिला लो पुरतो.

मधला मोड. इथे चर वाटेच्या डावीकडून उजवीकडे तिरका गेलाय, व्ही आकाराचा, वर रुंदी १.२ मीटर आणि खोली ७० सेंटिमीटर. चराच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून लांबीच्या दिशेनं जावं, असा पहिला विचार येतो. हिशोब करून बघा. जिमनीच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर साधारण १.४ मीटर, म्हणजे प्रत्येक चाकाचा मध्य काठापासून दहा सेंटिमीटर. टायर वीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याची आतली कड बरोबर काठावर. थारला दोन बोटं जास्त मिळतात. एवढ्या मोडक्या काठावर दीड टनाची गाडी ठेवणं नको.

आडवं काटकोनात ओलांडलं तर पुढची दोन्ही चाकं एकदम पडतात आणि बंपर पलीकडच्या भिंतीला भिडतो. पंचेचाळीस अंशांत गेलं तर एका वेळी एकच चाक खाली जातं. पण सत्तर सेंटिमीटर खोलीला तेही पुरत नाही. म्हणून तळ भरला, चाळीस सेंटिमीटरपर्यंत. एका चाकाच्या पट्ट्यासाठी सहा-सात घमेली, दोन्हींना मिळून चौदा. दगड चराच्या तळातलेच घ्यायचे. शेताच्या बांधाचा एकही काढायचा नाही. मोठा दगड सपाट बाजू खाली करून आधी, त्याच्या फटीत पाचरीसारखे लहान दगड, पहारेनं ठोकून, आणि वरून मुरूम. प्रत्येक दगडावर उभं राहून डोलून बघायचं. डोलला तर चाकाखाली तो उडतो आणि थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरला किंवा ॲक्सलच्या हाऊजिंगला लागतो.

थार आधी. डावं पुढचं चाक उतरलं तेव्हा उजवं मागचं अधांतरी झालं, ते जमिनीपासून वीतभर वर. उघड्या डिफरन्शियलला ताकद सोप्या वाटेनं जाते, म्हणून अधांतरी चाक गरगरतं आणि रुतलेलं गप्प बसतं. मागे लॉकिंग डिफरन्शियल असलेल्या गाडीत ते लागतं, मात्र चाक थोडं फिरल्यावर, आणि लागताना ठक्क असा आवाज होतो. घाबरून पाय काढू नये. जिमनीत हे काम ब्रेकनं होतं. गाडी फिरणारं चाक स्वतःच धरते, पण त्यासाठी ॲक्सिलरेटर एकसारखा दाबून ठेवावा लागतो. पाय आत-बाहेर केला की यंत्रणा पुन्हा शून्यापासून सुरू होते, चाक उकरतं आणि घातलेला मुरूम उडून जातो. जिमनी अशीच एकदा अडकली, पोट पलीकडच्या काठावर टेकलं. ओढायची गरज पडली नाही. बाटली जॅकनं मागची बाजू उचलली, चाकाखाली दोन दगड घातले, आणि ती निघाली. ओढावं लागलं असतं तर दोरी चॅसीच्या हुकालाच लावायची. ट्रॉली ओढायचा गोळा ताणानं तुटतो आणि तोफगोळ्यासारखा सुटतो. माणसं त्यानं मेलेली आहेत.

दोन्ही गाड्या पलीकडे गेल्यावर दगड काढून फेकायचे की ठेवायचे? ठेवायचे, पण रचून. चाकासाठी घातलेला ढीग तसाच राहिला तर पाणी त्याला वळसा घालून काठ फोडतं. दगड चराला आडवे लावले, दोन्ही टोकं काठाच्या मातीत हातभर आत नेली, आणि मधला भाग टोकांपेक्षा वीतभर खाली ठेवला, म्हणजे पाणी मधूनच सांडतं. शेतीखातं ज्याला अनघड दगडी बांध म्हणतं, त्याचीच ही लहान आवृत्ती. त्याच्यामागे गाळ साचतो आणि चर आपोआप भरू लागतो. वरचा फुटलेला उंचवटाही फावड्यानं बांधून काढला, वाटेला तिरका, झाडीकडे उतरता. दोन्ही कामांना चार माणसांना पावणेदोन तास लागले. ओलांडायला लागले चाळीस मिनिटं.

त्याखालचा तिरका टप्पा साठ मीटरचा, गाडी दरीकडे कललेली. वजन खाली असू द्यायचं, टपावर काही नको, माणसं उतरून डोंगराच्या बाजूनं चालतात. खालच्या चाकांपुढे खड्डा आणि वरच्या चाकांपुढे दगड एकाच वेळी येऊ द्यायचे नाहीत. पलटी त्या जोडीमुळे होते. गाडी घसरायला लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेनं फिरवायचं. मन वरच्या दिशेला ओढतं, आणि तसं केलं की गाडी आडवी होऊन लोळते.

तळाला ओढा. पाणी गुडघ्याच्या खाली, पण आधी चालून बघितलं. तळ दगडी असेल तर चालण्याच्या वेगानं, न थांबता. पलीकडे पाणंदीत काळी माती, अजून ओली. तिथे तिसरा लो आणि एकसारखा वेग. जांभ्यावरची हळू चाल इथे कामाची नाही, टायरच्या खाचा भरतात आणि तो गुळगुळीत होतो.

डांबर लागल्यावर थांबून टू हाय (ताकद फक्त मागच्या चाकांना). चारही टायरांत पुन्हा ३२, एकेकाला पाचेक मिनिटं. मग गाडीखाली झोपून बघायचं: टायरॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट, ब्रेकचे पाइप, चेंबर, सायलेन्सरचे रबर, आणि सायलेन्सरवर अडकलेलं गवत, ते हातानं काढायचं. हात हबजवळ नेऊन बघावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेकच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. असा खडा जिमनीच्या डाव्या पुढच्या चाकात निघाला, हरभऱ्याएवढा, आणि करकर आवाज थांबला.

पाटणला पोचल्यावर रिमच्या आतल्या बाजूचा चिखल फवाऱ्यानं काढून घ्यावा. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं, पण आत वाळलेली काळी माती तशीच राहिली तर कऱ्हाडच्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि टायरॉड वाकला की काय असं वाटत राहतं.